पडद्यावरचे भय आणि घरातली माणसे

भीतीविषयी आपल्या मराठीत जे शब्दप्रयोग रूढ आहेत, ते एकदा आठवून पाहावेत. छातीत धस्स होते, अंगावर काटा येतो, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा उठतो, हातपाय गार पडतात, बोबडी वळते. हे सारे शब्द शरीराचे आहेत. भय आधी देहाला कळते आणि मनाला मागाहून, हे आपल्या पूर्वजांनी शरीरशास्त्राचे पुस्तक न उघडताही जाणले होते.

आज या सदरात भयपटांविषयी लिहावे, असे वाटण्याचे कारण साधे आहे. पूर्वी सिनेमा पाहायचा म्हणजे नगरला आशा टॉकीज चौकात यावे लागे, नाहीतर गावच्या यात्रेत तंबू लागण्याची वाट पाहावी लागे. आज जगातला कोणताही चित्रपट, मग तो जपानचा असो वा कोरियाचा, नातवाच्या तळहातावर येऊन बसतो. रात्री अकरा वाजता शेजारच्या खाटेवरून किंकाळी ऐकू येते आणि आजोबांची झोप मोडते. अशा वेळी आपल्या देहात नेमके काय घडते आणि घरातल्यांनी काय करावे, हे जाणून घेणे हितावह ठरेल.

मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचे एक छोटेसे केंद्र आहे. डोळ्यांनी वा कानांनी धोक्याची चाहूल दिली की ते क्षणार्धात इशारा देते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. त्वचेकडचे आणि पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते, म्हणून कोरड पडते. केसांच्या मुळांशी असलेले बारीक स्नायू आकसतात, म्हणून काटा येतो. अकोले, संगमनेर, राहुरी भागांतील वाचकांना हे समजावून सांगायला नको. उसाच्या कडेला संध्याकाळी बिबट्या दिसला की देहाची हीच तयारी होते आणि ती प्राण वाचवण्यासाठीच असते. पडद्यावरच्या भुतासाठीही देह हीच तयारी करतो. ‘हे खोटे आहे’ हा निरोप मेंदूच्या पुढच्या, विचार करणाऱ्या भागाकडून येतो. पण तो थोडा उशिरा पोहोचतो. बिबट्या दिसलेला माणूस पळतो आणि ही तयारी खर्ची पडते. पडद्यासमोरचा माणूस मात्र खुर्चीतच बसून राहतो आणि त्याची धडधड चित्रपट संपल्यावरही काही काळ रेंगाळते.

भय अनपेक्षित असेल तर ते अधिक खोल रुतते. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ताकाशी मीके या जपानी दिग्दर्शकाचा ‘ऑडिशन’ हा १९९९ सालचा चित्रपट. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेला एक प्रौढ गृहस्थ, त्याने पुन्हा लग्न करावे असे सुचवणारा मुलगा, मग वधूचा शोध, असा त्याचा पूर्वार्ध एखाद्या कौटुंबिक कथेसारखा शांतपणे सरकतो. उत्तरार्धात मात्र छळाची असह्य दृश्ये येतात. २००० साली नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा कितीतरी प्रेक्षक अर्ध्यातून उठून निघून गेले. एका संतप्त स्त्रीने तर दिग्दर्शकाला तोंडावर दुष्ट म्हटले. चित्रपट महोत्सवांना जाणारे हे प्रेक्षक काही भित्रे नव्हते. त्यांचे मन एका गोष्टीसाठी सज्ज होते आणि समोर आली दुसरीच.

आपल्यालाही हा अनुभव परका नाही. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तो भयपट नव्हे. गाण्यांवर थिएटरमध्ये नाचलेला प्रेक्षक शेवटच्या दृश्यानंतर मात्र सुन्न होऊन बाहेर पडला. त्या दृश्यात संगीत नाही, किंकाळी नाही. रक्ताने माखलेली लहानग्याची पावले तेवढी दिसतात. आपल्या जिल्ह्यात तर त्या दृश्याला आणखी एक पदर होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, एप्रिल २०१४ मध्ये, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली होती. ज्यांच्या मनात अशी खरी आठवण असते, त्यांना ‘हा तर सिनेमा’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. चित्रपट पाहून कोणी रडले, गप्प झाले, रात्री जेवले नाही, तर त्याला हळवेपणाचे नाव देऊन हसू नये. त्याची कोणती जखम उघडी पडली, हे बाहेरून दिसत नसते.

आता ज्येष्ठांच्या मनातला मुख्य प्रश्न. भीतीने हृदय बंद पडते काय? याचे उत्तर देताना जपानचेच आणखी एक नाव घ्यावे लागते. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘ताकोत्सुबो’ नावाचा हृदयविकार वर्णिला. जपानी भाषेत ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके; तोंडाशी अरुंद आणि बुडाशी फुगीर. तीव्र दुःख, धक्का किंवा भय यांमुळे कधी कधी हृदयाचा डावा कप्पा तळाशी फुगून नेमका असाच दिसू लागतो. छातीत दुखते, धाप लागते, हृदयविकाराच्या झटक्याची सारी लक्षणे दिसतात. पण तपासणीत रक्तवाहिनी तुंबल्याचे आढळत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत अशा १,७५० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांत सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६७च्या आसपास होते. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, तथापि सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात आणि रुग्णालयाखेरीज गत्यंतर नसते.

हे वाचून कोणी धास्तावू नये. त्या नोंदीतील सुमारे २८ टक्के रुग्णांच्या बाबतीतच मानसिक धक्का हे कारण आढळले होते. इतरांत शारीरिक आजार, शस्त्रक्रिया अशी कारणे होती, तर काहींत कारण सापडलेच नाही. चित्रपट पाहून हा विकार सर्रास जडतो, असे मुळीच नाही. ‘अंगातले रक्त गोठले’ या म्हणण्याचीही नेदरलँड्समधील संशोधकांनी परीक्षा घेतली आहे. तिशीपर्यंतच्या २४ निरोगी व्यक्तींना त्यांनी एक भयपट आणि एक माहितीपट दाखवला. भयपटानंतर रक्त गोठण्यास साहाय्य करणारा एक घटक वाढलेला आढळला. गुठळी मात्र कोणाच्याही रक्तात झाली नाही. तात्पर्य एवढेच की निरोगी देह हा ताण पेलतो. ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांच्या हृदयाची लय बिघडते, त्यांनी मात्र असे चित्रपट पाहण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यात संकोच कसला?

काहींच्या बाबतीत उलटे घडते. रक्त, सुई, जखम यांचे दृश्य पाहताच नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. अशा व्यक्तीला तात्काळ आडवे निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. वृद्धांच्या बाबतीत घेरीपेक्षाही तिच्यामुळे होणारे पडणे महाग पडते. मध्यरात्री चित्रपट संपवून अंधारात घाईने न्हाणीघराकडे निघालेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडावे, याहून दुर्दैवी शेवट कोणत्या भयपटात असेल?

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांनी पुढील मजकूर विशेष लक्ष देऊन वाचावा. या आजारात पडदा आणि वास्तव यांमधली रेषा पुसट होते. दूरदर्शनसंचावर दिसणारी माणसे आपल्याच खोलीत शिरली आहेत, असे काही रुग्णांना खरोखर वाटते. पडद्यावर मारामारी चालू असेल, तर ती आपल्या घरात चालली आहे असे समजून ते ओरडतात, दार उघडून बाहेर धावतात किंवा शुश्रूषा करणाऱ्यालाच मारेकरी समजतात. दिवस मावळल्यावर ही अस्वस्थता पुष्कळदा वाढते. अशा वेळी ‘अहो, तो सिनेमा आहे’ असा वाद घालू नये. संच शांतपणे बंद करावा, दिवा लावावा, हात हाती घ्यावा आणि ‘मी इथेच आहे, दार लावले आहे’ असे सांगावे. त्यांना पटवून देण्याआधी त्यांना सुरक्षित वाटणे आवश्यक असते. शक्यतो संध्याकाळनंतर त्यांच्या खोलीत हिंसक मालिका, गुन्हेकथा आणि बातम्यांतली रक्तरंजित दृश्ये लावूच नयेत.

याच संदर्भात भयपटांची एक जुनी खोड सांगितली पाहिजे. त्यांना म्हातारी माणसे भुताच्या रूपात फार आवडतात. नारायण धारप यांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. त्यात साखळदंडाने जखडलेली एक विद्रूप म्हातारी आहे आणि तिला भरवण्याचे काम एका लहान मुलावर येते. चित्रपट म्हणून त्याची गुणवत्ता मोठी आहे. परंतु ज्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे, रात्री पुटपुटते, नातवंडांना ओळखत नाही, त्या घरातल्या मुलाने असे काही पाहिले तर दुसऱ्या दिवशी तो आजीच्या खोलीशी अडखळतो. आजीला दूध नेऊन द्यायला नकार देतो. घरातल्यांना तो उद्धटपणा वाटतो, आणि आजीचा आधीच आक्रसलेला गोतावळा आणखी एका माणसाने कमी होतो. अशा मुलाला रागावू नये. त्याला आजाराचे नाव सांगावे. आजीच्या मेंदूला आजार झाला आहे, ती कोणाला घाबरवत नाही, ती स्वतःच घाबरलेली आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. मग त्याला बरोबर घेऊन आजीपाशी बसावे. एकट्याने धाडू नये.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी एका अंगाने पाहावा लागतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील पुष्कळ आईवडील ऊसतोडणीला जातात आणि घरी उरतात आजीआजोबा आणि नातवंडे. मुलांशी बोलायला म्हणून ठेवलेला मोबाइल रात्री मुलांच्याच हाती असतो. लहान मुलांना, विशेषतः सातआठ वर्षांपर्यंत, खरे आणि रचलेले यांतला फरक नीट कळत नाही. ती झोपेत दचकतात, एकटी निजत नाहीत, अंथरूण ओले करतात. आजोबांना मोबाइलमधले काही कळत नाही असे समजून नातू निर्धास्त असतो. आजोबांनी तंत्र शिकलेच पाहिजे असे नाही. दिवेलागणीनंतर मोबाइल चुलीजवळच्या फळीवर राहील, एवढा एक नियम पुरेसा आहे. इंटरनेटवर चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना वयानुसार ७, १३, १६ वर्षे आणि प्रौढ अशी वर्गवारी दाखवणे भारतात बंधनकारक आहे. तेरा वर्षांवरील गटांच्या चित्रपटांना कुलूप लावण्याची सोयही त्यांना द्यावी लागते. हंगामाला निघण्यापूर्वी मुलाने वा सुनेने ते कुलूप एकदा लावून द्यावे.

नातवाने काही पाहिलेच असेल, तर त्याला पडद्यामागचा माणूस दाखवावा. यासाठी नगरकरांपाशी हुकमी उदाहरण आहे. ‘अर्धसत्य’मधला १९८३ सालचा रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली १९९१ सालची महाराणी पाहून देशभरचे प्रेक्षक हादरले. त्या दोन्ही भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर मात्र आपल्या नगरचेच, रंगभूमीवर घडलेले कलावंत. हे रंग, हे केस, हा आवाज कसा उभा केला जातो, हे एकदा समजले की भीतीचे रूपांतर कुतूहलात होते. मुलाच्या बाबतीत होते, तसे ते आपल्याही बाबतीत होते.

शेवटी ज्येष्ठ वाचकांसाठी. भयपट आवडणे यात वयाला न शोभणारे असे काही नाही. यात्रेतल्या तंबूत आपण भुताचे चित्रपट पाहिले, तेव्हा शेजारी कोणी शिट्टी वाजवत होते, कोणी हसत होते आणि भय शंभर जणांत वाटले जात होते. आज तेच भय एकट्याने, अंधारात, कानात यंत्र खुपसून घेतले जाते, म्हणून ते जड होते. पाहायचेच असेल तर दिवसा पाहावे, सोबतीने पाहावे, दिवा लावून आणि आवाज बेताचा ठेवून पाहावे. कथा काय आहे, हे आधी विचारून घ्यावे. रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मनाने वाढवू नये. चित्रपट संपल्यावर खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे. आणि आवडत नसेल तर मध्येच उठून जावे. रॉटरडॅमचे जाणकार प्रेक्षकही उठून गेले होते.

एवढे करूनही छातीत दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, धाप किंवा घाम सुरू झाला आणि पाच मिनिटांत थांबला नाही, तर ‘घाबरलो असेन’ असे म्हणून पडून राहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भीती होती की विकार, हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. भय, निद्रानाश, उदासी दिवसेंदिवस टिकून राहिली, तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. हे तीनही क्रमांक आज मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीशेजारच्या भिंतीवर लावून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी चष्मा शोधावा लागणार नाही.