शिक्षक संघटनांपुढचा खरा प्रश्न पात्रतेचा

नवी दिल्ली : सेवेत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. तेव्हापासून देशभरातील शिक्षक संघटनांची बरीचशी शक्ती निवेदने, मोर्चे आणि न्यायालयीन लढाईत खर्च होत आहे. ते स्वाभाविकही आहे. लाखो सदस्यांच्या नोकरीचा हा प्रश्न आहे. परंतु या निकालाने आणखी एक जुना प्रश्न ऐरणीवर आणला आहे. शिक्षकाची व्यावसायिक पात्रता ठरविण्यात आणि ती टिकविण्यात शिक्षकांच्या स्वतःच्या संस्थांना काही स्थान आहे की नाही?

न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठापुढील अपिले महाराष्ट्र व तामिळनाडूतून आलेली होती. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे निकालात म्हटले आहे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना पदावर राहता येईल, मात्र पदोन्नती हवी असल्यास परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेपूर्वी नियुक्त झालेल्या शिक्षकांना त्या वेळी या परीक्षेतून वगळण्यात आले होते. नियम मागाहून बदलला, ही त्यांची तक्रार म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूच्या सरकारांनीही फेरविचाराचा मार्ग धरला.

अडचण अशी की, टीईटी नको तर मग काय, याचे तयार उत्तर संघटनांकडे नव्हते. वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाचे कौशल्य लेखी परीक्षेत मोजता येत नाही, हा युक्तिवाद योग्य आहे. पण ते कौशल्य कशात दिसते आणि त्याची नोंद कोण ठेवते, असा प्रतिप्रश्न आला की सेवापुस्तिकेपलीकडे दाखविण्यासारखे फारसे काही उरत नाही.

धोरणकर्त्यांची अपेक्षा वेगळी होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षकांच्या व्यावसायिक संघटनांना शासनाने मान्यता द्यावी आणि राज्यपातळीवर संयुक्त शिक्षक मंडळे स्थापावीत, असे सुचविले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर व्यवसायाची आचारसंहिता तयार करून तिच्या पालनावर लक्ष ठेवण्याचे काम राष्ट्रीय शिक्षक संघटनांनी करावे, असे म्हटले. वकील किंवा डॉक्टर यांच्या वैधानिक परिषदांकडे असते तशी काहीशी ही भूमिका होती. प्रत्यक्षात वेतन, बदल्या, निवृत्तिवेतन आणि अशैक्षणिक कामे हेच विषय अधिवेशनांच्या केंद्रस्थानी राहिले. त्यासाठी केवळ संघटनांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. वेतन वेळेवर मिळत नसेल तर अध्यापनशास्त्रावरील परिसंवादाला कोण बसणार?

राजकीय रचनेनेही याच प्रवृत्तीला बळ दिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षकांमधून निवडल्या जातात. महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. मात्र मतदानाचा हक्क माध्यमिक आणि त्यावरील स्तरावरच्या शिक्षकांनाच आहे. संख्येने मोठा असलेला प्राथमिक शिक्षक या मतदारसंघाबाहेरच राहतो. त्यामुळे माध्यमिक शिक्षकांच्या संघटना निवडणुकीच्या गणितात गुंतल्या, तर प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांना आपले वजन दाखविण्यासाठी भव्य अधिवेशने आणि मंत्र्यांची उपस्थिती यांचा आधार घ्यावा लागला. अधिवेशनासाठी मिळणारी विशेष रजा आणि त्या काळात बंद राहणाऱ्या शाळा हा मग टीकेचा विषय होतो.

दुसऱ्या बाजूला विषयवार संस्थांचे काम शांतपणे सुरू आहे. चेन्नईत मुख्यालय असलेली गणित शिक्षकांची भारतीय संघटना १९६५ पासून कार्यरत आहे. भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडसाठी विद्यार्थी निवडताना तिने घेतलेली परीक्षा हा पहिला टप्पा असतो आणि पुढील टप्पे मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळते. इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९६९ ची. या संस्थांच्या परिषदांत वर्गातील प्रयोगांवर चर्चा होते, निबंध वाचले जातात. पण तेथे दिसतात ते प्रामुख्याने शहरी शाळांचे आणि महाविद्यालयांचे प्राध्यापक व शिक्षक. ज्ञान एका व्यासपीठावर आणि संख्याबळ दुसऱ्या, अशी ही फाळणी आहे.

या पोकळीत शासन उतरले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. २०१९ मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ उपक्रम पुढे ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन गेला. विस्तार प्रचंड आहे, यात शंका नाही. तथापि, चित्रफीत पाहणे, प्रश्नावली सोडविणे आणि प्रमाणपत्र उतरवून घेणे एवढ्यावरच प्रशिक्षण संपू लागले, तर ५० तास भरतात, वर्ग मात्र होता तसाच राहतो. महाराष्ट्रात बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण अनिवार्य आहे. तेथेही अनेकांचे लक्ष शिकण्यापेक्षा श्रेणीकडे असते, आणि त्यांना त्याबद्दल नावे ठेवण्यात अर्थ नाही.

सहकाऱ्यांकडून शिकण्याची सोय व्यवस्थेत अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, पूर्वीचे गटसंमेलन, ही मूळ कल्पनेने उत्तम व्यवस्था आहे. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात आणि एखादा शिक्षक आपला पाठ इतरांसमोर मांडतो. ती जिथे केंद्रप्रमुखाच्या उत्साहावर चालते तिथे उपयोगी ठरते. जिथे परिपत्रके वाचून दाखविण्यापुरती उरते तिथे चहापानानंतर संपते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांचे ‘सहोदय’ गट आणि त्यांची वार्षिक राष्ट्रीय परिषद प्राचार्यांसाठी हेच काम करते. पण त्यासाठीचा प्रवासखर्च शाळेला परवडावा लागतो.

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेचे काय? ‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. त्याच अहवालात सुमारे १ लाख ४ हजार शाळा एकशिक्षकी असून त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकत असल्याचीही नोंद आहे. अशा शाळेतील शिक्षक परिषदेला गेला की शाळेला कुलूप लागते. तोच मुख्याध्यापक, तोच लिपिक. व्यावसायिक सहवासाची सर्वाधिक गरज असलेल्या या माणसापर्यंत ना संघटनेचे अधिवेशन पोहोचते, ना विषय परिषद. बदली शिक्षकाची तरतूद झाल्याशिवाय त्याच्या बाबतीत ५० तासांचे धोरण मोबाइलच्या पडद्यापुरतेच राहणार.

संघटनांनी मागणीपत्रात ही तरतूद वेतनश्रेणीइतक्याच ठळकपणे मांडायला हवी. आपल्या अधिवेशनातील शैक्षणिक सत्रे आणि विषय संस्थांच्या परिषदा त्या ५० तासांत धरल्या जाव्यात, असा आग्रहही त्या धरू शकतात. अर्थात तशी मान्यता मागायची तर सत्रांचा दर्जा तपासू देण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि तिथे अनेक पदाधिकाऱ्यांची अडचण होईल.

वेळ मात्र फार नाही. निकालातील दोन वर्षांची मुदत ऑगस्ट २०२७ अखेर संपते. याच काळात जनगणना आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष गणना होणार असून, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना ज्या मोजक्या अशैक्षणिक कामांना जुंपण्याची मुभा दिली आहे, त्यांत जनगणनेचा समावेश आहे. ज्या शिक्षकाने रात्री टीईटीचा अभ्यास करायचा आहे, त्यालाच सुटीच्या दिवशी घरोघरी फिरायचे आहे.