गुंठ्याचा सौदा आणि नोटरीचा शिक्का

कुर्डुवाडी गाव रेल्वेच्या आधाराने वाढले. जंक्शन, बार्शी लाइट रेल्वे आणि रेल्वेचा कारखाना यांवर येथील पिढ्या पोसल्या. निवृत्त कामगार फंडाच्या रकमेतून एखादा गुंठा घेतो, तेव्हा तो सट्टेबाज नसतो; त्याला उतारवयाची तजवीज हवी असते. परंतु पुष्कळदा अशाच माणसाच्या हाती नोटरी केलेला कागद ठेवला जातो.

त्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये साठेखत हा केवळ विक्रीचा करार होय. साठेखत व मुखत्यारपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीच्या लहान तुकड्यांच्या विक्रीवर निर्बंध घालतो. उलट, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांच्या प्रकल्पांना नोंदणीतून वगळले. संरक्षणाची निकड ज्याला अधिक, तोच असा उघड्यावर राहिला.

म्हणून इसार देण्यापूर्वी बिगरशेती वापराचा कागद व मंजूर रेखांकन पाहावे. तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा तपासावा. खरेदीखत नोंदवून फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

मात्र एकट्यादुकट्या माणसाला हे पेलत नाही. कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ लोकांचे कागद वाचून देण्यासाठी राखावी. जमिनीच्या न्याय्य वाटपाचा आग्रह धरणाऱ्यांना एका गुंठ्याचे रक्षण क्षुल्लक वाटता कामा नये.