वन बीएचकेमधलं वाळवण

गॅलरीत काही उगवलं, की ते कोणाला तरी द्यावंसं वाटतं. हा आजार मलाही आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझ्या भिवंडीच्या वन बीएचकेच्या चिमुकल्या गॅलरीत तुळस, पुदिना आणि गवती चहा असे काही फोफावले, की टॉवेल वाळत घालायला जागा उरेना. मग काय, कात्री काढली, जुड्या बांधल्या आणि पंख्याखाली उलट्या टांगल्या. फोटोबिटो पाठवून झाले. लगेच मित्रांचे मेसेज, 'बॉस, हे तेच का?' नाही हो, ते नाही! गांजाची लागवड १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे आणि 'एकच कुंडी होती' ही सबब तिथे चालत नाही. आपला मामला निव्वळ काढ्याचा.

तीन दिवसांत पानं कुरकुरीत. मी जाम खूष! काचेची बरणी, तिला रिबन, आणि थेट मामीकडे. मामी नुकतीच न्यूमोनियातून उठली होती. आठ दिवसांनी तिचा फोन. 'अगं, याला जरा कुबट वास येतोय का?' जाऊन बघते तर बरणीच्या तळाशी पांढरी लव. आणि त्यातला काढा मामीने दोनदा घेतलेला. सुदैवाने तिला काही झालं नाही. पण ती रात्र मी कशी काढली, माझं मला माहीत.

चुकलं कुठे? पानं कुरकुरीत झाली होती, देठ नव्हते. पान पातळ, ते आधी वाळतं. जाड देठाच्या पोटात पाणी तसंच राहतं. बरणीचं झाकण लावलं, की ते पाणी हळूहळू पानांत उतरतं, आणि बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार? म्हणून टेस्ट पानाची नाही, देठाची घ्यायची. वाकला तर थांबा, कट्कन मोडला तर पास.

आता आपल्या गावच्या हवेबद्दल. खाडी जवळ, त्यामुळे पाऊस गेला तरी हवेतला ओलावा काही लगेच जात नाही. गंमत म्हणजे हाच दमटपणा लूमवाल्यांच्या फायद्याचा. कोरड्या हवेत सुती धागा पटापट तुटतो, दमट हवेत टिकतो. म्हणजे जी हवा कापडाची मैत्रीण, तीच आपल्या पुदिन्याची वैरीण! त्यात आजूबाजूला लूम असतील तर कापसाचे तंतू उडून पानांवर बसतात, ते वेगळंच. त्यावर उपायही इथलाच आहे. पातळ मलमलचा तुकडा जुड्यांवर सैलसर टाका. हवा जाते, तंतू अडकतात.

मग आयडियल जागा नसलेल्या आपल्यासारख्यांनी करायचं काय? माझा या वर्षीचा फंडा सांगते.

एक, कापणी सलग दोन कोरडे दिवस गेल्यावर. सकाळी दव उडालं, की कात्री लावायची. आदल्या दिवशी कुंडीला पाणी नाही. डागाळलेली, किडलेली पानं तिथेच बाद.

दोन, जुड्या छोट्या. आठ-दहा काड्या, बस्स. गवती चहाचा खालचा पांढरा, जाड भाग वेगळा कापायचा आणि तो ताजाच चहात टाकायचा.

तीन, कडक ऊन नको. उन्हात रंग उडतो आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो सुगंधही उडतो. सावली आणि खेळती हवा. वाऱ्यावर बोंबील वाळवणारे कोळी बांबू बांधून ते टांगतात, कारण हवा सगळीकडून लागायला हवी. ताटात पसरलेली पानं खालून ओलीच राहतात.

चार, आणि इथेच सगळे फसतात. पंखा हवा हलवतो, कोरडी करत नाही! ज्या खोलीत जुड्या, त्याच खोलीत ओल्या कपड्यांचा स्टँड असेल तर पंखा नुसता कपड्यांचं पाणी पानांना वाटत बसतो. कपडे बाहेर, स्वयंपाकघराचं दार बंद. एसी असेल तर रात्री दोन-तीन तास ड्राय मोड. नसेल तर संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. आजी सूर्य कलला की पापड-कुरडया आत आणायची ती उगीच नाही. रात्री हवेतला ओलावा वाढतो आणि दिवसभर वाळलेलं पुन्हा सादळतं.

पाच, अगदीच जमत नसेल तर फ्रीज. आपोआप डीफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीजमधली हवा कोरडी असते. कागदी पिशवीत पानं सैल भरून, तोंड उघडं ठेवून आत ठेवा. आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो, पण वाळतात. मायक्रोवेव्ह मात्र जपून. घाई केली तर पानं जळतात, कधी पेटतातही.

सहा, बरणी म्हणजे शेवट नाही, परीक्षा आहे. अर्धी भरा, झाकण लावा, दुसऱ्या दिवशी बघा. काचेला आतून वाफ दिसली किंवा पानं मऊ लागली, की सगळं परत बाहेर. नाहीतर आठवडाभर रोज थोडा वेळ झाकण उघडायचं आणि नाक लावायचं. नाक खोटं बोलत नाही.

आणि बुरशी दिसली तर? पूर्ण बरणी कचऱ्यात. 'वरचं काढू, खालचं उकळून घेऊ' हे चालत नाही. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखं विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. जिवापाड वाढवलेली तुळस फेकताना जीव तुटतो, मान्य. पण आजारातून उठलेल्या माणसाच्या कपात ती जाणं जास्त महाग.

वाळवणाला कमी लेखू नका बरं का. महाराष्ट्रातल्या शेतकरी महिलांच्या हाती सोलर ड्रायर देणाऱ्या एसफोरएस टेक्नॉलॉजीजला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, तो याच साध्या कामासाठी. पाणी वेळेत काढलं, की माल वाया जात नाही.

या वर्षीची बरणी मी आठ दिवस घरातच ठेवली. रोज उघडली, रोज हुंगली. रिबन न लावताच मामीकडे नेली. तिने झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, 'आधी तू पी, मग मी बघते.'

दोघींसाठी पाणी उकळायला ठेवलं. पहिला घोट मी घेतला.