रुई उपटून हिरवाई येत नाही

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या टेकड्यांवर दोन कामं हटकून निघतात. आधी ‘तण’ काढायचं आणि मग खड्डे घेऊन रोपं लावायची. यातल्या पहिल्या कामाला आवर घालायला हवा. ज्याला आपण तण म्हणतो, त्या रुई, हिरणदोडी, खुळखुळा, अनंतमूळ यांवर फुलपाखरांचं एक अख्खं कुळ जगतं आणि त्यातल्या काही जाती भारतातल्या सर्वांत मोठ्या कीटक-स्थलांतरांपैकी एक स्थलांतर करतात. ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो ही फुलपाखरं नैर्ऋत्य मोसमी पावसाआधी थव्यांनी पश्चिम घाट सोडून पूर्वेकडच्या मैदानांकडे जातात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, उलटा प्रवास होतो. फुलपाखरांचे अभ्यासक डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली या स्थलांतराची तपशीलवार मांडणी केली. वैशाली भौमिक आणि कुंटे यांच्या २०१८ च्या अभ्यासात तर असं दिसलं, की निघालेल्या माद्या अंडी तयार होण्याचं काम लांबणीवर टाकतात. सगळी शक्ती उड्डाणाला लागते. प्रवास संपला की अंडी घालायला योग्य झाड मिळालं नाही, तर ही सारी काटकसर वाया जाते.

या नोंदी मुख्यतः दक्षिण भारतातल्या आहेत, मग पुण्यानं त्यांची चिंता का करावी, असं कोणी विचारेल. यातल्या ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या जाती पुण्यातही राहतात, हे एक उत्तर. ही फुलपाखरं तर सर्रास दिसतात, त्यांना कसला धोका, हा त्याहून वजनदार आक्षेप. त्याचं उत्तर मोनार्कनं दिलं आहे. याच कुळातलं हे फुलपाखरू कॅनडा आणि अमेरिकेतून चार हजार किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून मेक्सिकोतल्या डोंगरी जंगलात हिवाळा काढतं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथलं १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं; २०१३-१४ मध्ये ते क्षेत्र ०.६७ हेक्टरवर आलं. मेक्सिकोतली वृक्षतोड आणि बदलतं हवामान ही कारणं आहेतच. पण अनेक अभ्यासकांनी बोट ठेवलं ते अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून तणनाशकानं नाहीशा झालेल्या मिल्कवीडवर. मोनार्कचे सुरवंट दुसरं काही खात नाहीत. मोनार्कही एकेकाळी सर्रास दिसत होता.

आपलं मिल्कवीड म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो, तिच्याच पानांवर मोनार्कचा इथला जवळचा नातलग प्लेन टायगर वाढतो. ब्लू टायगरच्या सुरवंटाला हिरणदोडीचा वेल लागतो, तर नरांना गंधद्रव्यासाठी खुळखुळ्याचा रस. टेकड्यांवर गिरिपुष्पाची कितीही लागवड केली, तरी तिच्या पानावर यांचा एकही सुरवंट जगत नाही. झाडांची संख्या वाढते, फुलपाखरांचं घर मात्र घटतं. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ती पायवाटेलगत आणि मुलं खेळतात तिथे नको. वणव्याची भीतीही खरी आहे. त्यासाठी जाळरेषा आखून तेवढंच गवत काढावं, सबंध उतार खरवडू नये. फुलपाखरू उद्यानं आहेतच, असंही म्हटलं जातं. पण तिथल्या शोभेच्या फुलांतून प्रौढांना फक्त मध मिळतो. पिढी वाढते ती पानावर.

म्हणून वनविभाग, महापालिका आणि वृक्षारोपणाला उत्साहानं येणाऱ्या प्रत्येक संस्थेला विनंती आहे: वेताळ टेकडी असो वा तळजाई, कुदळ मारण्याआधी त्या जागेवर काय उगवलेलं आहे त्याची यादी करा, खाद्यवनस्पती ओळखणारा माणूस सोबत घ्या आणि त्या जागच्या जागी राखा. यंदा एक रोप कमी लावलं तरी चालेल. रुईचं एक झुडूप उपटू नका.