छायाचित्रसमीक्षेतील वस्तुनिष्ठा : एक प्रतिवाद

छायाचित्रांच्या समीक्षेत आपल्याकडे दोन भूमिका रूढ आहेत. प्रकाश, रचना, सुस्पष्टता यांना गुण देऊन त्यांची बेरीज करणारी भूमिका स्वतःस वस्तुनिष्ठ म्हणवते. 'मला भावले तेच खरे' ही दुसरी भूमिका आत्मनिष्ठेच्या नावाखाली युक्तिवादच नाकारते. या दोन्ही भूमिका त्याज्य आहेत. कारण दोन्ही समीक्षकाचे उत्तरदायित्व टाळतात.

भोरच्या भाटघर जलाशयाची उन्हाळी छायाचित्रे घ्या. पाणी ओसरले की कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. भेगाळलेला गाळ आणि त्यावरील दगडी बांधकाम यांच्या रचनेस पहिला समीक्षक पूर्ण गुण देतो. दुसरा त्यात दुष्काळ वाचून हळहळतो. वस्तुतः वेळवंडी नदीवरील हे धरण ब्रिटिश सरकारने भोर संस्थानच्या मुलखात बांधले, ते नीरेच्या कालव्यांसाठी. त्यांना पाणी सोडले जाते म्हणून जलाशय दर उन्हाळ्यात खालावतो. जमिनी बुडाल्या त्या येथे. भिजल्या त्या बारामती-फलटणकडे. चौकटीतील रितेपणा हा पाण्याच्या वाटपाचा परिणाम आहे, केवळ निसर्गाच्या अवकृपेचा नव्हे.

ही माहिती चित्रबाह्य आहे, असा आक्षेप मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा आधार घेऊन घेता येईल. ज्यास केवळ आकृतिबंधाविषयी बोलायचे आहे त्याने जरूर बोलावे. मात्र मग 'दुष्काळ' हा शब्द उच्चारू नये. तो उच्चारताच विधान जगाविषयीचे होते आणि त्याची शहानिशा अपरिहार्य ठरते.

अभिरुचीचा निर्णय भावनेवर आधारलेला असूनही सर्वांच्या संमतीची अपेक्षा करतो, हे कांटने १७९० मध्ये दाखविले. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) तो विचार मराठीत सविस्तर आणला. रोलाँ बार्थने 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये (१९८०) आईच्या ज्या छायाचित्राविषयी लिहिले, तेच छापले नाही. आपली जखम इतरांस दिसणार नाही, हे तो जाणून होता. आपले समीक्षक मात्र स्वतःची जखम हाच निकष म्हणून पुढे करतात.

वस्तुनिष्ठा म्हणजे वस्तूवरील निष्ठा. 'मी'चा अभाव नव्हे. तटस्थ याचा मूळ अर्थ तटावर उभा असलेला. पण भाटघरचा तटही ऋतूगणिक सरकतो. म्हणून समीक्षकाने आपण कोठे उभे आहोत हे सांगावे आणि छायाचित्रातील नेमक्या जागी बोट ठेवावे. तेथे दुसऱ्यास पाहता यावे आणि सकारण मतभेद नोंदविता यावा. ज्या विधानाशी मतभेदच शक्य नाही ते समीक्षा या नावास पात्र नाही.