हिरण्यकेशीची पायवाट कोणाच्या मालकीची?

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीच्या माथ्यावर येणारा रस्ता पुढे आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरला जातो. एके काळी वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल याच वाटेने बेळगावच्या इंग्रजी छावणीला पोहोचत असे. आज त्याच घाटाने देशावरची वाहने मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्याकडे उतरतात. धबधब्यापाशी थांबून, छायाचित्रे काढून, भजी-चहा घेऊन मंडळी पुढे निघतात. या हमरस्त्यापासून थोडे आत वळले, की झाडीतून जाणारी एक छोटी, सोपी पायवाट हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी पोहोचते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांनाही ती सहज चालता येते. वाटेच्या शेवटी गुहेतून निघणारे पाणी, देवालय आणि कुंड आहे. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही कडे कोसळून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातो, तर या कुंडातले पाणी आजरा-गडहिंग्लजची शेते भिजवीत कर्नाटकात घटप्रभेला आणि तिच्याद्वारे कृष्णेला मिळते. पाणलोट कशाला म्हणतात, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा येथे लवकर समजते.

या कुंडातल्या आणि ओहोळातल्या एका लहानशा माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि नदीवरूनच त्याचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नामकरण झाले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, राज्य सरकारने २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु शास्त्राला जो मासा २०२० साली ठाऊक झाला, त्याला गावाने आधीच अभय दिले होते. देवाच्या कुंडातला मासा धरायचा नाही, हा तो संकेत. त्याच्या पाठीशी ना वनरक्षक होता, ना दंडाची पावती. गावाने स्वतःवर घालून घेतलेली ती मर्यादा होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले, की जे सर्वांचे असते त्याचा ऱ्हास अटळ असतो. म्हणून ते एक तर खासगी करावे किंवा सरकारच्या ताब्यात द्यावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणे, जपानमधली गावराने आणि स्पेनमधले पाटपाणी यांचा अभ्यास मांडून दाखवून दिले, की लोक आपसांत नियम ठरवून सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकवतात. अट एवढीच, की नियम करण्याचा अधिकार त्यांच्या हाती असला पाहिजे. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिरण्यकेशीच्या कुंडाला ते कळण्यासाठी स्टॉकहोमची वाट पाहावी लागली नव्हती.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून विकासाचे एकच चित्र येथील जनतेपुढे ठेवले जाते: रुंद रस्ता, मोठा वाहनतळ, सिमेंटच्या पायऱ्या, कमानी आणि या साऱ्याचा ठेका. पायवाटेवर हे चित्र उतरवले तर काय होईल, याचा हिशेब अवघड नाही. या जातीचे मासे स्वच्छ, वाहत्या पाण्यात, तळाच्या दगडगोट्यांत राहतात. साबणाचा फेस, सिमेंटचा गाळ आणि प्लॅस्टिक त्यांना मानवत नाही. २००९ साली आंबोलीवरूनच ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तो येथील दुर्मीळ भेक पावसाळ्यात रात्री रस्ता ओलांडताना चाकांखाली सापडतो. वाहन जितके आत येईल, तितकी ही हानी आत येईल. ठेकेदाराच्या जमाखर्चात ती कोठेच दिसणार नाही. लाभ त्याच्या खात्यावर आणि तोटा गावाच्या व निसर्गाच्या माथी, अशी ही वाटणी आहे.

याचा अर्थ वाट बंद करावी, असा मुळीच नाही. श्रीमंतांना परदेशची वने पाहता येतात, एस. टी.ने आलेल्या गिरणी कामगाराच्या नातवंडाला रान पाहण्यासाठी अशीच जवळची, फुकटची पायवाट हवी. म्हणून चालण्यावर तिकीट नको. शुल्क घ्यायचे तर हमरस्त्यालगत वाहनावर घ्यावे आणि ते गावाच्या समितीने घ्यावे. वाट मातीचीच ठेवावी. तिची राखण आणि माहिती सांगण्याचे काम स्थानिक तरुणांना नियमित वेतनावर द्यावे. साताऱ्याच्या कास पठारावर, २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत आल्यानंतर, भोवतालच्या गावांच्या समितीमार्फत प्रवेशाचे नियमन होऊ लागले. त्यात उणिवा असतील, पण दिशा तीच आहे.

यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. ३७ व्या कलमाने वारसा स्थळ घोषित झाल्यामुळे ज्यांची आर्थिक झळ सोसण्याची पाळी येते, त्यांच्या भरपाईची अथवा पुनर्वसनाची योजना करणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. घोषणेचे कलम तेवढे वापरायचे आणि भरपाईचे कलम विसरायचे, ही प्रशासनाची जुनी रीत आहे.

आणि मूळ प्रश्न जमिनीचा आहे. आंबोली, चौकूळ आणि गेळे या तीन गावांच्या कबुलायतदार-गावकर जमिनी संस्थानी काळापासून गावाने सामायिकपणे सांभाळल्या. पुढे सात-बारावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले, आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारा शेतकरी आपल्याच जमिनीवर परका ठरला. वाटपाच्या घोषणा वेळोवेळी झाल्या, त्यांच्या जोरावर निवडणुकाही लढवल्या गेल्या. ज्याला स्वतःच्या घराखालच्या जमिनीची शाश्वती नाही, त्याने मात्र देशाच्या वारशाचे रक्षण करावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढत असताना हा प्रश्न लोंबकळत ठेवणे म्हणजे बाहेरच्या भांडवलाला दार उघडे ठेवणे होय.

कार्यकर्त्यांनी या निमित्ताने दोन गोष्टी कराव्यात. ग्रामसभेत जैवविविधता समितीचा जमाखर्च आणि ३७ व्या कलमाखालील योजना मागाव्यात, आणि जमिनीच्या हक्काची मागणी पर्यावरणाच्या मागणीशी जोडून मांडावी. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना घेऊन एकदा त्या कुंडापर्यंत चालत जावे आणि तेथला मासा इतकी वर्षे कोणी राखला, एवढेच विचारावे.