बटणावरचे चित्र कोणाला विचारून ठरले?

सरकारी योजनांची ॲप आणि पोर्टल बनवणाऱ्या तरुणांना आमचा एक प्रश्न आहे. घर, घंटा, पाकीट, कचरापेटी अशी चित्रे तुम्ही पडद्यावर ठेवता. ती ओळखणारा माणूस कोण, हे कधी ठरवले आहे का?

तयार आयकॉन लायब्ररी वापरू नका, असे आम्ही म्हणत नाही. गूगलने २०१४ मध्ये मटेरियल आयकॉन सर्वांसाठी खुले केले. फॉन्ट ऑसमचाही मोठा संच फुकट मिळतो. एकाने घडवलेले दुसऱ्याने मोकळेपणी वापरावे, ही गोष्ट ज्ञानावरचे पहारे मोडायला निघालेल्या आपल्या चळवळीला जवळचीच वाटायला हवी. चार पोरांच्या संस्थेला प्रत्येक चित्र नव्याने काढणे परवडतही नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. चित्र फुकट मिळाले म्हणून त्याचा अर्थही सर्वांना आपोआप मिळाला, हे गृहीतक आम्हाला मान्य नाही.

ही चित्रे आली कुठून? १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकाच्या पडद्यावर कार्यालयातले टेबलच मांडलेले होते: कागद, फोल्डर, टपाल. ज्याने तसे टेबल पाहिले होते, त्याला ते सोपे गेले. आजही 'जतन करा' म्हणून फ्लॉपी दाखवतात. आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ती हातात धरलेली नाही. न्यायालयासाठी हातोडा दाखवतात. तो आपल्याकडे कोर्टात नव्हे, सिनेमात आपटला जातो. शिकलेला माणूस हे सवयीने ओळखतो आणि स्वतःच्या सवयीला सर्वांची समज म्हणतो.

मसोलीहून डहाणू-तलासरीच्या पाड्यांकडे पाहिले, की हा प्रश्न सजावटीचा राहत नाही. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर सक्तीची झाली. दाखल्यांचे अर्ज, बँकेचे व्यवहारही पडद्यावर आले. याच मुलखात वाचता न येणाऱ्या कागदांवर वारल्यांचे अंगठे घेतले गेले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस 'लग्नगडी' होऊन जमीनदाराकडे राबत असे. त्या गुलामीविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले. आता न समजलेल्या चित्रावर बोट दाबायला लावणार असाल, तर अंगठा फक्त कागदावरून काचेवर आला, एवढेच.

यावर ठरलेला उपाय सुचवला जातो: वारली चित्रे लावा! गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण लग्नघराच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहितात, त्याला त्यांचा स्वतःचा अर्थ आहे. त्यातली त्रिकोणी माणसे उचलून बटणावर डकवली, म्हणून 'अर्ज रद्द करा' कोणाला कळणार नाही. चित्र वारल्यांचे, निर्णय दुसऱ्याचा आणि मोबदला कोणालाच नाही, याला प्रतिनिधित्व म्हणत नाहीत.

खरा धडा आपल्याकडेच आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. तेव्हा देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. पण नुसते चित्र छापून काम भागले नाही. कार्यकर्त्यांनी ते दाखवले, त्याचे नाव उच्चारले, ते कोणाचे आहे हे समजावले. चिन्हाचा अर्थ प्रचाराने, माणसांनी माणसांपर्यंत नेला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक आयकॉनखाली मराठीत शब्द हवा. बोट लावताच तो शब्द ऐकू यावा, शक्य तिथे वारली बोलीतही. अंध वापरकर्त्यालाही त्याचा उपयोग आहे. पैसे पाठवणे, संमती देणे, अर्ज मागे घेणे ही कामे नुसत्या चित्रावर कधीच सोपवू नयेत. ॲप सुरू होण्यापूर्वी पाड्यावरच्या बायकांच्या हातात फोन द्यावा, 'हे काय आहे?' एवढेच विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. ज्या चित्रावर त्या अडतील, ते चित्र नापास. पेसा कायदा १९९६ पासून आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे रस्ता-धरणाचा विषय येतो, तसा या पडद्यांचाही यावा.

लायब्ररीतून चित्र खुशाल घ्या. पण त्याचा अर्थ लागतो की नाही, हे ज्याचा हक्क त्या बटणामागे अडकला आहे, त्यालाच ठरवू द्या.

जय भीम!